मराठी बारीक निघत नाही?

महाडच्या बाजारात किंवा पोलादपूरला हायवेच्या कडेला ‘रेडियम’ची पाटी लावलेलं दुकान तुम्ही पाहिलंच असेल. कशेडी घाट चढण्याआधी ट्रकवाला तिथे थांबतो, काचेवर देवाचं नाव लावून घेतो आणि मग गाडी घाटाला लावतो. टेक-फेस्ट जवळ आला की आपली मंडळीही तिथे रांगेत! रोबोटवर टीमचं नाव, प्रोजेक्टच्या बॉक्सवर लेबल, बाईकवर अजून काहीतरी.

अशा दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं. “ताई, बारीक हवं असेल तर इंग्लिशमध्ये करा. मराठी बारीक निघत नाय.” आणि आपण गुपचूप PUMP ON, PUMP OFF करून घेऊन येतो. मग ते लेबल ज्या पंपावर लागतं तो रोज चालू-बंद करणारे मामा आयुष्यभर मराठीच वाचत आलेले असतात!

मराठी खरंच बारीक निघत नाही का? मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझं प्रमाणपत्र कुणी मागू नये. पण मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून सांगते, मशीनला भाषा कळत नाही. त्याला फक्त रेघा, कोपरे आणि वर्तुळं कळतात. म्हणजे प्रश्न भूमितीचा आहे, आणि भूमितीचा प्रश्न सोडवता येतो.

आधी ‘रेडियम’ म्हणजे काय?

रेडियम हे मूलद्रव्य १८९८ साली पॅरिसमध्ये मेरी आणि पिएर क्यूरी यांनी शोधलं. पुढे ते घातलेला रंग घड्याळाच्या काट्यांना लावत, म्हणजे अंधारात वेळ दिसायची. तो रंग घातक ठरल्यावर बंद झाला, पण चमकणाऱ्या गोष्टीला ‘रेडियम’ म्हणायची सवय आपल्याकडे राहिली. दुकानातल्या रेडियममध्ये रेडियमचा कणही नसतो. चमकणाऱ्या शीटमध्ये काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात, ते गाडीच्या हेडलाइटचा उजेड आल्या वाटेने परत पाठवतात. साधी न चमकणारी शीट म्हणजे व्हिनाइल, पीव्हीसीचा पातळ पापुद्रा. त्याच्या पाठीला गोंद आणि गोंदाखाली सिलिकॉन लावलेला गुळगुळीत कागद.

साधं व्हिनाइल साधारण ७५ ते १०० मायक्रॉन जाड असतं, म्हणजे जवळजवळ झेरॉक्सच्या कागदाएवढं. ‘कास्ट’ नावाचं महाग व्हिनाइल साधारण ५० मायक्रॉनचं, म्हणजे त्याच्या निम्मं. बारीक अक्षरासाठी कास्ट उत्तम. ते पातळ असतं आणि नंतर आकसतही कमी. चमकणारी शीट सर्वांत जाड, आणि त्यातली काच ब्लेडची धार खाते. म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा : बारीक अक्षर चमकणाऱ्या शीटवर मागू नका.

मशीन काय करतं?

कटिंग प्लॉटर म्हणजे पेनाच्या जागी ब्लेड लावलेला प्रिंटर. रोलर शीटला पुढे-मागे नेतात, ब्लेडचा गाडा डावी-उजवीकडे जातो. दोन्ही मिळून कुठलीही रेघ तयार होते. ब्लेड फक्त व्हिनाइल कापतं, खालचा कागद शाबूत राहतो.

मशीन जाडंभरडं काम करतं म्हणून अक्षर बिघडतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. प्लॉटरच्या जुन्या एचपी-जीएल भाषेत एक पायरी ०.०२५ मिलिमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ४० पायऱ्या. चार मिमी उंचीच्या अक्षराला १६० पायऱ्या मिळतात. त्या पुरेशा आहेत.

खरी अडचण ब्लेडमध्ये आहे. ऑफिसच्या फिरत्या खुर्चीचं चाक आठवा. चाकाचा दांडा जिथे बसतो त्याच्या बरोबर खाली चाक टेकत नाही, थोडं मागे टेकतं. म्हणून तर खुर्ची जिकडे ढकलाल तिकडे चाक आपोआप वळतं. प्लॉटरचं ब्लेडही तसंच मोकळं फिरतं आणि त्याचं टोक फिरण्याच्या अक्षापासून थोडं बाजूला असतं. या अंतराला ऑफसेट म्हणतात. पुष्कळ ब्लेडमध्ये तो पाव मिलिमीटरच्या आसपास असतो, काहींमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ.

आता कोपरा आला की काय होतं? ब्लेडला जागच्या जागी वळता येत नाही. मशीन अक्षाला कोपऱ्याच्या थोडं पुढे नेतं, मग छोट्या कंसात फिरवून ब्लेडचं तोंड नव्या दिशेला आणतं. मोठ्या अक्षरात हे कळतही नाही. पण अक्षराचा तपशीलच अर्ध्या मिलिमीटरचा असेल, तर पाव मिलिमीटरची ही गिरकी म्हणजे छोट्या खोलीत पलंग फिरवण्यासारखं. भिंती खरचटणारच! कोपरे गोल होतात, बारीक टोकं उचलली जातात, वर्तुळाचं सुरुवातीचं आणि शेवटचं टोक जुळत नाही.

किती बारीक चालेल?

उंचीपेक्षा रेघेची जाडी महत्त्वाची. नंबर प्लेटचं उदाहरण घेऊ. मोटारीच्या प्लेटवरचं अक्षर नियमाप्रमाणे ६५ मिमी उंच आणि त्याची रेघ १० मिमी जाड. (१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाली, त्यामुळे एमएच-०६ कापण्याचं काम या दुकानांतून कमी झालं. पण हे प्रमाण हिशोबाला सोपं आहे.) याच प्रमाणात अक्षर लहान करत गेलं, तर साडेसहा मिमी उंचीला रेघ १ मिमी उरते. सव्वातीन मिमीला अर्धा मिमी, म्हणजे पाव मिमी ऑफसेटच्या फक्त दुप्पट. तिथे प्रकरण हाताबाहेर जातं.

म्हणून ढोबळ नियम असा : रेघ १ मिमीच्या वर असेल तर निवांत. पाऊण मिमीपर्यंत चांगलं ब्लेड, चांगलं व्हिनाइल आणि संयम हवा. अर्ध्या मिमीच्या खाली कापण्याचा हट्ट सोडावा.

आता वाचणाऱ्याच्या बाजूने बघू. पाट्या रंगवणाऱ्यांचा जुना हिशोब आहे, दहा फुटांवरून सहज वाचायला एक इंच अक्षर. म्हणजे अंतराचा १२०वा भाग. स्विचबोर्डसमोर आपण दोन फुटांवर, म्हणजे ६० सेंटिमीटरवर उभे असतो. त्याला ५ मिमी पुरतात. मराठी अक्षर आतून जास्त भरलेलं असतं, म्हणून ७-८ मिमी धरा. याचा अर्थ, खोलीतल्या लेबलांना लागणारी उंची कापता येण्याच्या हद्दीतच आहे!

एक सावधगिरी. कॉम्प्युटरवर २४ पॉइंट म्हणजे साडेआठ मिमी दिसतं, पण ती वेलांटी-उकारासकट अख्ख्या चौकटीची उंची. शिरोरेषेपासून खालपर्यंतचं अक्षर त्याहून बरंच लहान भरतं. मोजायचं ते अक्षर, पॉइंट नाही.

टिंबाचा हिशोब

आता मुख्य मुद्दा. मराठीत पहिलं काय निसटतं? अनुस्वार! आणि अनुस्वार गेला की ‘चिंता’ची ‘चिता’ होते. स्विचवरचं ‘बंद’ हे ‘बद’ होतं. हा विनोद शाळेपासून माहीत आहे, पण टिंबच का निसटतं हे समजून घेऊ.

नको असलेलं व्हिनाइल उपटताना ते कापलेल्या कडेवर अक्षराला ओढत असतं. ओढणारी शक्ती कडेच्या लांबीवर, म्हणजे परिघावर अवलंबून. धरून ठेवणारा गोंद मात्र क्षेत्रफळावर. तर क्षेत्रफळ भागिले परिघ काढा, म्हणजे कडेच्या प्रत्येक मिलिमीटरमागे किती गोंद आहे ते कळेल. ३ मिमी व्यासाच्या टिंबाचं क्षेत्रफळ ७.०७ चौ. मिमी आणि परिघ ९.४२ मिमी. भागाकार ०.७५. एक मिमीच्या टिंबाचं ०.७८५ भागिले ३.१४, म्हणजे ०.२५. व्यास एक तृतीयांश केला तर पकडही एक तृतीयांश.

गंमत पुढेच आहे. गोल टिंबाचा हा भागाकार नेहमी व्यासाच्या एक चतुर्थांश येतो. लांब रेघेचा तोच भागाकार जाडीच्या निम्मा येतो. म्हणजे रेघ आणि टिंब सारख्याच जाडीचे असतील, तर टिंबाची पकड रेघेच्या निम्मीच! दोन्हींची पकड सारखी हवी असेल तर टिंबाचा व्यास रेघेच्या जाडीच्या दुप्पट हवा. एक मिमी रेघ असेल तर टिंब दोन मिमीचं. फॉन्टमधलं टिंब बहुधा यापेक्षा लहान असतं. कोरल ड्रॉमध्ये ते निवडून मोठं करायला दहा सेकंद लागतात. थोडं ठळक दिसेल, पण बारीक अक्षरात ठळक टिंब वाचायलाही बरंच.

आणि टिंब गोलच ठेवा. बोरूच्या वळणाचं चौकोनी टिंब दिसतं छान, पण एक मिमीत चार कोपरे म्हणजे ब्लेडच्या चार गिरक्या.

शिरोरेषेचा फायदा

‘मराठी बारीक निघत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे मोजून बघावं. इंग्रजीत DANGER म्हणजे सहा सुटे तुकडे. मराठीत ‘धोका’ म्हणजे एक. POLADPUR आठ तुकडे, ‘पोलादपूर’ एक. कारण शिरोरेषा! सगळी अक्षरं एका दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी लटकलेली असतात. ‘ग’ आणि ‘ण’ तर शिरोरेषा काढली की दोन तुकड्यांत पडतील. तुकडा जितका मोठा तितका तो घट्ट बसतो आणि सरळ रेषेतही राहतो. अक्षरं वाकडीतिकडी लागण्याचा प्रश्नच नाही. कॉन्व्हेंटमध्ये मला शिरोरेषा म्हणजे वेळ खाणारी जास्तीची रेघ वाटायची. इथे तीच सगळा शब्द सांभाळते.

अपवाद आहेत. ‘ध’ आणि ‘भ’च्या डोक्यावर शिरोरेषा तुटते, म्हणून ‘सावधान’चे ‘साव’ आणि ‘धान’ असे दोन तुकडे होतात. त्यातून जास्त काळजी घ्यायची ती ‘ब’ आणि ‘ष’ची. दोन्हींच्या पोटात तिरकी रेघ, आणि तिच्या दोन बाजूंना दोन इवलीशी भोकं. भोकातला तुकडा चिमट्याने काढताना तिरकी रेघ सोबत आली, की ‘ब’चा ‘व’ होतो आणि ‘ष’चा ‘प’. केमिकलच्या बाटलीवर ‘विष’च्या जागी ‘विप’ असेल तर? महाडच्या एमआयडीसीत केमिकलचे कारखाने आहेत. आपल्यापैकी काही जण उद्या तिथेच कामाला लागतील. हा प्रश्न शुद्धलेखनाचा उरत नाही. म्हणून ब, ष, क्ष असलेले शब्द इतरांपेक्षा एक-दोन मिमी मोठे घ्या, किंवा ती तिरकी रेघ हाताने थोडी जाड करा.

कॉम्प्युटरवर करायची कामं

१. फॉन्ट एकसारख्या जाडीचा निवडा. जाड-बारीक वळणाच्या सुलेखनी फॉन्टमध्ये बारीक भागच आधी जातो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ मोफत मिळतो आणि सात वजनांत मिळतो. त्यातलं मधलं वजन घ्या. फार ठळक घेतलं तर ‘ब’चं पोट बुजतं.

२. अक्षरं कर्व्हमध्ये बदलून ‘वेल्ड’ करा. ही पायरी विसरली की सगळं मुसळ केरात! मराठी फॉन्टमध्ये काना, मात्रा आणि शिरोरेषा हे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात. छापताना ते दिसत नाही, पण ब्लेड प्रत्येक तुकड्याची हद्द इमानदारीने कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे-तुकडे होतात. ‘मराठी निघत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असतं. इंग्रजीत अक्षरं सुटी असल्याने ही भानगड नाही. वेल्ड केल्यावर वायरफ्रेममध्ये बघा, शब्दाच्या आत एकही आडवी-तिडवी रेघ दिसता कामा नये.

३. प्रत्येक शब्दाभोवती एक चौकट काढा. म्हणजे उपटताना एकेक शब्द वेगळा घेता येतो आणि ओढ कमी लागते.

मशीनवर करायची कामं

ब्लेड नवं हवं. ते व्हिनाइलच्या जाडीपेक्षा फक्त अर्ध्या कागदाएवढं जास्त बाहेर काढायचं. खूप खोल गेलं की ब्लेड कागदात रुततं आणि कोपऱ्यावर वळताना अक्षराला ओढतं. आधी चौकोनाची टेस्ट घ्या. चौकोन सहज निघाला पाहिजे आणि खालच्या कागदावर फक्त पुसट ओरखडा दिसला पाहिजे. मशीनमध्ये टाकलेला ऑफसेट आणि ब्लेडचा ऑफसेट एकच आहे ना, तेही तपासा. वेग कमी करा. ‘ओव्हरकट’ची सोय असेल तर चालू करा, म्हणजे वर्तुळाची दोन टोकं नीट जुळतात.

बेणणी

नको असलेला भाग काढण्याला इंग्रजीत वीडिंग म्हणतात, म्हणजे आपली भाताची बेणणी! काम तेच. तण उपटायचं, रोप हलता कामा नये.

कापल्यावर लगेच बेणा. कडेचा गोंद हळूहळू वाहून कापलेली फट पुन्हा जोडतो, उन्हाळ्यात तर लवकरच. ओढताना वर उचलू नका, व्हिनाइल पूर्ण मागे दुमडून, शीटला जवळजवळ चिकटून, तिरकं ओढा. टिंबापाशी आलात की चिमट्याने किंवा सुईने ते दाबून धरा. अगदीच बारीक काम असेल तर उलटी पद्धत वापरा. आधी सगळ्यावर ट्रान्सफर टेप चिकटवा, पालथं करा, पाठीचा कागद काढा आणि मग नको तो भाग उपटा. टेप टिंबांना पुढून धरून ठेवते.

आपल्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दमट हवेत व्हिनाइलच्या पाठीचा कागद ओल धरतो आणि लाटा येतात. मग ब्लेड कुठे खोल जातं, कुठे वरवर. म्हणून जून ते सप्टेंबर रोल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. चिकटवायची जागा स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. पॅनेलला खडबडीत पावडर कोटिंग असेल तर बारीक अक्षर टिकणार नाही. आधी एक गुळगुळीत अॅक्रिलिकची पट्टी लावा आणि अक्षरं तिच्यावर.

आणखी एक युक्ती : उलटी पाटी

हॉस्टेलला येताना आईने दिलेलं ताट किंवा डबा उलटा करून बघा. बहुतेकांच्या डब्यावर नाव घातलेलं असेल, तेही तीन-चार मिमीच्या मराठीत! वर्षानुवर्षं राखेने घासूनही त्यातला अनुस्वार पडला नाही. कारण ते अक्षर वर चिकटवलेलं नाही, आत कोरलेलं आहे. खड्डा निसटून कसा पडेल?

तीच कल्पना व्हिनाइलला लावा. अक्षरं ठेवून भोवतालचा भाग काढण्याऐवजी अक्षरंच उपटा आणि भोवतालची पट्टी ठेवा. पांढऱ्या प्लेटवर लाल पट्टी, त्यात अक्षराच्या आकाराची भोकं, म्हणजे लाल पाटीवर पांढरं अक्षर. अनुस्वार हे आता भोक झालं, ते पडणार नाही. फक्त प, ब, म, व यांच्या पोटातले तुकडे सुटे राहतात, तेवढे जपायचे. अनुस्वार जास्त आणि पोटवाली अक्षरं कमी असतील तेव्हा ही पद्धत बेस्ट.

आणि ५ मिमीच्या खाली जायचंच असेल, तर कापू नका. छापून वर लॅमिनेशन करा, किंवा लेझरने कोरून घ्या.

हे सगळं कशासाठी?

२२ जुलै २०२१ ला महाडमध्ये पूर आला, तेव्हा बाजारपेठेत दुकानांतून पाणी शिरलं. पाणी चढत असताना मेन स्विच कुठला आणि पंपाचा कुठला हे शोधत बसायला वेळ नसतो. त्या क्षणी स्विचसमोर आपणच असू असं नाही. वॉचमन काका असतील, मेसच्या मावशी असतील, नुकताच आलेला फर्स्ट इयरचा मुलगा असेल. ज्याला जी भाषा विचार न करता वाचता येते, तिच्यात लेबल हवं. इंग्रजी काढा असं मी म्हणत नाही. दोन्ही लावा. पण ‘बारीक निघत नाही’ हे मराठी न लावण्याचं कारण असू शकत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी रेडियमच्या दुकानात जाताना फाइल वेल्ड करून न्या, टिंब रेघेच्या दुप्पट करा, अक्षर ७-८ मिमी घ्या, आणि काकांना प्रेमाने सांगा, “काका, एकदा कापून तर बघा!” सुरुवात हॉस्टेलच्या पंपरूमपासून करू. ‘मेन’, ‘पंप’, ‘जिना’, ‘चालू’, ‘बंद’. पाच शब्दांत मिळून दोनच टिंबं आहेत. तेवढी सांभाळू या!

— टी. ई. (मेकॅनिकल)